नीळबाईंचा उजवा डोळा

नीळबाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं त्यांची आई म्हणायची. साठी उलटली तरी ती भिंगरी काही थांबली नव्हती. चहा उभ्याने, जेवण अर्धं ओट्याशी नि अर्धं खिडकीशी, फोन आला की या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. त्यांची धाकटी बहीण नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. ती म्हणायची, आमच्या ताईला बसवायचं तर खुर्चीला खिळे मारून उपयोग नाही, तिलाच मारावे लागतील. आणि अशा या बाईने पोटासाठी काम धरलं ते कसलं, तर दिवसभर एका जागी बसून स्क्रीनकडे बघत राहण्याचं. नशिबालाही थट्टा कळते म्हणायची.

वेधशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून चित्रविभागाची खोली होती. भिंती राखाडी, छत राखाडी, पडदे राखाडी, आणि नीळबाईंचा कामाचा कोटही राखाडी. लाल कपडा घालून स्क्रीनसमोर बसलं तर त्याची लाली काचेवर उतरते आणि रंग फसतो, म्हणून हा बंदोबस्त. दारावर नवीन आलेल्या पहारेकऱ्याने पहिल्या दिवशी दबक्या आवाजात विचारलं होतं, की या खोलीत कुणी गेलंय का. नीळबाई म्हणाल्या, हो, तारे गेलेत, त्यांचंच चाललंय.

उत्तर खरंच होतं. पृथ्वीभोवती फिरणारी एक दुर्बीण आकाशातले क्ष-किरण टिपायची. हे किरण माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना रंग असा नसतोच. दुर्बीण एवढंच कळवते की अमुक ठिकाणाहून एक किरण आला आणि त्याच्यात एवढा जोर होता. असे लाखो किरण जमले की त्यांचं चित्र करायचं नीळबाईंनी. कमी जोराच्या किरणांना लाल, मधल्यांना हिरवा, सगळ्यांत जोरदार त्यांना निळा. त्यांच्याकडे जास्त करून फुटलेले तारे येत. मोठा तारा म्हातारा होऊन फुटला की त्याच्या चिंध्या हजारो वर्षं आकाशात पसरत राहतात; शास्त्रज्ञ त्यांना अतिनवताऱ्याचे अवशेष म्हणतात. आणि त्या पसाऱ्यात कुठेतरी ताऱ्याचा गाभा उरलेला असतो, वजनाने सूर्याहून भारी आणि आकाराने जेमतेम एका शहराएवढा. तो न्यूट्रॉन तारा. फुटताना बसलेल्या धक्क्याने तो जन्मजागेवरून दूर भिरकावला जातो आणि पळता पळता स्वतःभोवती गरगरत असतो. धाकटीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे मेल्यावरही तुझ्यासारखाच.

नीळबाईंचं हे नाव मात्र भलत्याच कारणाने पडलं होतं. त्या मूळच्या फोटो स्टुडिओतल्या. रंगीत फिल्म महाग होती त्या काळात काळ्यापांढऱ्या फोटोंवर बारीक कुंचल्याने रंग चढवायच्या. एकदा एक बाई आपल्या गेलेल्या मुलाचा फोटो घेऊन आली. डोळे तपकिरी करा म्हणाली, आणि जाता जाता म्हणाली, तपकिरीच असावेत बहुतेक. त्या एका 'बहुतेक'वर नीळबाईंनी कुंचला खाली ठेवला. मुलाचा कुणी मित्र, मास्तर, शेजारी, ज्याला नक्की आठवतंय अशाला घेऊन या, मगच हात लावीन. मालकाने कपाळाला हात लावला, पण बाई हटल्या नाहीत. पुढे वेधशाळेत आल्यावरही तेच. आहे तेवढाच रंग द्यायचा, चित्र देखणं दिसावं म्हणून चिमूटभरही वर टाकायचा नाही. दुसऱ्या कुणाचं चित्र भडक झालं की त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, कपड्याला नीळ जास्त झाल्यासारखं झालंय. हे इतक्या वेळा म्हणाल्या की लोकांनी त्यांचंच नाव नीळबाई पाडलं. त्यांना ते आवडायचं. ते आवडणं त्या लपवायच्याही नाहीत.

आता मापाड्यांबद्दल सांगायला हवं. स्क्रीनचे रंग दिवसागणिक सरकतात, म्हणून ते उपकरणाने मोजून जागेवर आणायचं काम वेधशाळेत एका गृहस्थांकडे होतं. अबोल माणूस. बोलण्याआधी एकदा आणि बोलून झाल्यावर एकदा चष्मा पुसणारा. सगळं मोजत फिरतात म्हणून मापाडी. काही वर्षांपूर्वी एका सकाळी हे मापाडी नीळबाईंच्या स्क्रीनला आपलं उपकरण लावून बराच वेळ उभे राहिले, चष्मा पुसला, आणि म्हणाले की बाई, चित्रांत निळा चढायला लागलाय, स्क्रीन बदलून बघू या का.

नीळबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. निळा चढलाय, हे नीळबाईंना सांगायचं? त्यांनी चित्र पाहिलं, परत पाहिलं, त्यांना तसूभर फरक दिसेना. मग चुकतंय ते उपकरण, आणि उपकरण चुकतंय म्हणजे ते सांभाळणारा माणूस. त्यांना मागेपुढे बघायची सवय नव्हती. तडक संचालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, एक तर हा माणूस माझ्या खोलीत येईल किंवा मी येईन. संचालकांना भांडणाचा कंटाळा होता. त्यांनी मापाड्यांना तळघरातल्या छपाई विभागात धाडलं. वेधशाळेतून जे जे चित्र बाहेर जायचं, भिंतीवर, पुस्तकात, कुठेही, त्याची शेवटची प्रत तिथे निघायची. मापाडी आपली पेटी घेऊन खाली गेले. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आले तर दोघं दोन बाजूंच्या कठड्यांना धरून जायचे.

पुढची काही वर्षं नीळबाईंनी डोळ्यांत तेल घालून काम केलं. तेल कुठल्या डोळ्यांत घालतोय, हे मात्र पाहिलं नाही. दिवा लावला की भोवती कडं दिसायला लागलं, वाचताना कागद खिडकीशी न्यावा लागायला लागला, आणि शेवटी धाकटीने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, चांगलाच जुना आहे, पिकून पिवळा पडलाय. आधी उजवा काढू, महिन्याभराने डावा.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी नीळबाईंना पहिली दिसली ती दवाखान्याची भिंत. पांढरी. इतकी पांढरी भिंत आपण कधी पाहिली होती, ते त्यांना आठवेना. मग त्यांनी उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं, तर त्याच भिंतीवर कुणी चहा सांडून पुसल्यासारखं. उजवा उघडला, पांढरी. डावा उघडला, चहा. घरी येईपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. दूध, उशीचा अभ्रा, धाकटीचे केस, सगळं एकदा या डोळ्याने नि एकदा त्या. ज्याला त्या गेली कित्येक वर्षं काळा स्वेटर म्हणत होत्या, तो गडद निळा निघाला. धाकटी हसली, म्हणाली, ताई, मी तुला दर हिवाळ्यात सांगत होते, तू मलाच आंधळी म्हणायचीस.

नीळबाई हसल्या नाहीत. स्वेटर हातात घेऊन त्या खोलीभर फिरत राहिल्या. जो डोळा निळ्याला काळा म्हणतो, त्या डोळ्याला निळा कमी दिसतो. ज्याला निळा कमी दिसतो, तो निळा किती टाकेल? जास्तच टाकेल, आपल्याला पुरेसा दिसेपर्यंत टाकत राहील. हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही, स्टुडिओतल्या कुठल्याही पोरीला कळेल. डॉक्टरांनी आठवडाभर घराबाहेर पडू नका म्हटलं होतं, वाकू नका, स्क्रीन बघू नका म्हटलं होतं. नीळबाईंनी काळा चष्मा चढवला आणि दुसऱ्याच सकाळी कामावर गेल्या. धाकटी दारात आडवी उभी राहिली होती. तिला बाजूला सारून गेल्या. भीती एकच होती, आणि ती त्यांनी जाताना बोलूनही दाखवली. सगळं काम खोटं निघालं तर मी काय केलं गं आयुष्यात?

खोलीत गेल्यावर त्यांनी पडदे ओढले, चष्मा काढला आणि आपलं सगळ्यांत नावाजलेलं चित्र उघडलं. एका अतिनवताऱ्याचे अवशेष होते, ज्यावर वेधशाळेतल्या एका शास्त्रज्ञबाईंनी उभी हयात घालवली ते. डाव्या डोळ्याने पाहिलं, नेहमीचं, ओळखीचं. उजव्याने पाहिलं आणि त्या स्क्रीनपासून मागे सरकल्या. निळा नुसता ओतला होता. मधल्या भागात तर इतका, की तिथे काही आकार म्हणून उरला नव्हता, एक सपाट निळं डबकं. त्यांनी दुसरं चित्र उघडलं, तिसरं उघडलं. जितकं अलीकडचं तितकं वाईट. एवढा भडकपणा दुसऱ्या कुणी केला असता तर नीळबाईंनी त्याला वेधशाळेच्या फाटकापर्यंत हाकललं असतं.

त्यांना बसवेना. त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या मजल्याच्या लांब वऱ्हांड्यात त्यांचीच चित्रं मोठ्या चौकटींत टांगलेली होती, येणारे पाहुणे त्यांच्यासमोर उभे राहून आ वासायचे. ती भडक चित्रं इतकी वर्षं सगळ्यांनी बघितली असणार, आणि भिडेपोटी कुणी काही बोललं नसणार, या विचाराने त्यांच्या कानशिलांत जाळ झाला. त्या पहिल्या चौकटीसमोर गेल्या आणि डावा डोळा मिटला.

चित्र ठीक होतं.

ठीक म्हणजे अगदी हवं तसं. निळा शांत, लाल आपल्या जागी, मधला भाग सौम्य. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं, लांबून पाहिलं. पुढची चौकट, तीही ठीक. वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत त्या अशाच गेल्या, एका डोळ्यावर तळहात ठेवून, आणि प्रत्येक चित्र बरोबर होतं. समोरून येणाऱ्या झाडूवाल्याने काही लागलं का विचारलं, तर त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. फाइल तीच, चित्र तेच, मग स्क्रीनवर एक आणि भिंतीवर दुसरं कसं? मध्ये फक्त तळघर होतं. कुणीतरी त्यांच्या प्रत्येक चित्रातला निळा खाली आणत होतं, आणि तो कुणीतरी कोण, हे विचारायची गरज नव्हती.

इथे एखाद्याला वाटेल की त्यांना हायसं वाटलं असेल. छे. नीळबाईंचं पित्त खवळलं. आपल्या पाठीमागे आपल्या कामाला कुणी हात लावतो, आणि वर्षानुवर्षं लावतो, ही कल्पनाच त्यांना सोसेना. धोरणी माणूस आधी विचार करतो नि मग जिना उतरतो. नीळबाई विचार जिन्यातच उरकत खाली पोहोचल्या.

मापाडी यंत्रात कागदाचा गुंडाळा बसवत होते. त्यांनी नीळबाईंना पाहिलं, त्यांचा लाल झालेला उजवा डोळा पाहिला, आणि हातातलं काम संपवूनच सरळ उभे राहिले.

"कधीपासून?" नीळबाईंनी विचारलं.

"तुम्ही खाली पाठवलंत तेव्हापासून."

मग त्यांनी चष्मा पुसत पुसत सगळं सांगितलं, फार न वाढवता. त्या सकाळी उपकरण बरोबर होतं आणि स्क्रीनही बरोबर होता. त्याआधी काही दिवस नीळबाईंनी मापाड्यांचं निळं पेन हे तर काळं आहे म्हणून परत केलं होतं, तेव्हाच मापाड्यांच्या लक्षात आलं होतं की खोट डोळ्यात आहे. पण स्क्रीनचं नाव घेतलं, कारण स्क्रीन बदलता येतो. त्यांना वाटलं होतं, बाई हुशार आहेत, इशारा घेतील. बाईंनी संचालकांकडे धाव घेतली. खाली आल्यावर पहिलं चित्र हातात पडलं ते तसंच छापवेना, म्हणून थोडा निळा काढला. मग दुसरं आलं. मग हे रोजचंच झालं.

नीळबाई म्हणाल्या, माझ्या कामाला हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सरळ तोंडावर सांगायचं होतंत की बाई, तुम्हाला दिसत नाही.

"सांगितलं असतं तर तुम्हाला काढलं असतं," मापाडी म्हणाले. "मग त्या खुर्चीवर कोण? मला रंग कमी करता येतो, बाई. द्यायला येत नाही."

मग मापाड्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, जणू हवापाण्याची. आज दुपारी त्यांना संचालकांनी वर बोलावलं होतं. शास्त्रज्ञबाई कुठे तरी भरल्या सभागृहात बोलायला गेल्या होत्या, पाठीमागे भिंतभर त्या अवशेषांचं तेच नावाजलेलं चित्र. आपल्या न्यूट्रॉन ताऱ्याची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली, कसा तो मध्यापासून दूर पळत सुटलाय, त्याचा वेग मोजायला त्यांना किती वर्षं लागली. मग कुणी श्रोत्याने विचारलं की या चित्रात तो कुठे आहे. बाई काठी घेऊन वळल्या आणि काठी हवेत राहिली. चित्रात तारा नव्हता. संचालकांचं म्हणणं, छपाईत उडाला. म्हणजे मापाड्यांवर आलं होतं.

"मग तुम्ही काय सांगणार?"

"छपाईत चुकलं म्हणेन. निवृत्ती तशी जवळ आहे. फार तर आधी पाठवतील."

नीळबाई वळल्या आणि जवळजवळ धावतच वर आल्या. आता त्यांना त्या निळ्या डबक्यात काय बुडालं होतं ते समजलं होतं. त्यांनी आपली जुनी फाइल बाजूला सारली आणि दुर्बिणीकडून आलेले मूळ आकडे नव्याने उघडले. उजव्या डोळ्याच्या भरवशावर, डाव्यावर पदर धरल्यासारखी कोटाची बाही धरून, निळा अगदी तळापासून चढवायला सुरुवात केली. आधी काही नाही. मग धुक्यासारखी पातळ निळाई. ती आणखी वाढायच्या आत त्यांनी हात आवरला. आणि त्या निळाईत, मध्यापासून जरा बाजूला, एक ठिपका उभा राहिला. टाचणीच्या टोकाएवढा, निळसर पांढरा, कडेने लख्ख.

नीळबाई रडल्या. डोळ्यांत थेंब घालायचे असताना रडणं बरं नव्हे, पण त्यांना आवरलं नाही. तो ठिपका तिथे पहिल्यापासून होता. त्यांच्या डाव्या डोळ्याला अजूनही दिसत नव्हता. बाही बदलून त्यांनी तेही पाहून घेतलं. त्याला बुडवलं त्यांनी, आणि मापाड्यांनी वरचं पाणी इतकं निवळ करून ठेवलं की खाली काही बुडालंय अशी शंकाही कुणाला आली नाही. भिंतीवर भडक चित्र लागलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी बोललं असतं. चांगुलपणानेही घात होतो तो असा. आणि आता चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही दुसऱ्यांदा, त्याच संन्याशाला.

दुपारी संचालकांच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर, शास्त्रज्ञबाई आधीच येऊन बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, समोर छापलेली प्रत. मापाडी दाराशी उभे. नीळबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या सरळ आत गेल्या आणि आपण काढलेला नवा कागद जुन्या प्रतीवर ठेवला. शास्त्रज्ञबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग मान वर केलीच नाही. त्यांनी तो तारा आकड्यांत शोधला होता, आकड्यांतच त्याचा पाठलाग केला होता. रंगात तो त्यांनी आत्ता पहिल्यांदा पाहिला.

"छपाईत काही चुकलेलं नाही," नीळबाई म्हणाल्या. "तारा माझ्या फाइलीतच बुडाला. मला निळा दिसत नव्हता."

त्यांनी मोतीबिंदूचं सांगितलं, स्वेटरचं सांगितलं, उजवा मिटून डावा उघडून दाखवला. कुठलंही चित्र बरोबर धरू नका, म्हणाल्या, मागच्या काही वर्षांतली एकूण एक पुन्हा करावी लागतील. संचालकांचा चेहरा उतरत गेला. पण ते काही भोळे नव्हते. वऱ्हांड्यातली चित्रं ते रोज येताजाता बघत होते. त्यांनी विचारलं, तुमची फाइल इतकी निळी असेल तर भिंतीवरची चित्रं निळी का नाहीत?

मापाड्यांनी चष्मा काढला. आता ते बोलणार, हे नीळबाईंना कळलं. न विचारता फाइलीला हात लावणं म्हणजे वेधशाळेत सरळ नोकरी जाणं, आणि ती आठवडाभरातच गेली असती.

"मीच सांगायचे," नीळबाई म्हणाल्या. "माझी चित्रं छापताना निळा थोडा खाली घ्या म्हणून. मला माझाच भरवसा वाटेनासा झाला होता."

हे साफ खोटं होतं. ज्या बाईने एका 'बहुतेक'साठी कुंचला खाली ठेवला होता, तिला ते इतकं सफाईने जमलं की ती स्वतःच दचकली. संचालकांना पटलं. माणसांना हिशेब जुळला की पटतं. त्यांनी ठरवून टाकलं की चित्रं उतरवायची, सगळी पुन्हा करायची, आणि दुसऱ्या डोळ्याचं झाल्याशिवाय नीळबाईंनी खोलीत पाऊल टाकायचं नाही. नंतरचं नंतर बघू. मग मापाड्यांकडे वळून ते बरेच मायेने म्हणाले, तुम्ही जा, तुमचा काही दोष नाही, तुम्ही बिचारे सांगितलं तेवढंच करत होता.

दोघं बरोबरच बाहेर पडले. जिना उतरताना नीळबाईंना आपण काही तरी फेडलं असं वाटत होतं, आणि ते त्यांच्या चालण्यातही आलं असावं. मधल्या वळणावर मापाडी थांबले. आज ते दुसऱ्या कठड्याकडे गेले नव्हते.

"बाई, सांगितलं तेवढंच मी उभा जन्म केलं," ते म्हणाले. "मोजा म्हटलं, मोजलं. खाली जा म्हटलं, गेलो. हे एकच काम मी कुणी न सांगता केलं होतं."

नीळबाईंना आधी कळलंच नाही. मापाडी रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. ते शांतपणे सांगत होते की एकेका चित्रापुढे ते किती वेळ बसायचे. किती काढायचं याचं माप कुठल्या उपकरणात नव्हतं. नीळबाईंचा डोळा चांगला असता तर त्यांनी इथे काय केलं असतं, असं मनाशी विचारत विचारत एक एक पायरी उतरायची. कधी कधी जास्त उतरलं जायचं, मग परत वर. वऱ्हांड्यातून जाताना त्यांनाही त्या चौकटी बघायला आवडायचं. त्यांचा अर्धा हात होता त्यांत, आणि तो कुणाला माहीत नसला तरी त्यांचं चाललं होतं.

"आता ते कामही तुमच्या नावावर गेलं," ते म्हणाले.

"तुमची नोकरी वाचली," नीळबाई म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता तेवढा मोठा निघाला नाही.

"हो. वाचली."

नीळबाई एक पायरी उतरल्या, परत चढल्या, परत उतरल्या. या माणसाचं त्यांनी दोनदा काढून घेतलं होतं. पहिल्यांदा रागाने, आणि आत्ता चांगुलपणाने, त्याच्या देखत, त्याला विचारल्याशिवाय. पहिल्या वेळी निदान डोळ्यात मोतीबिंदू तरी होता. आता कशाकडे बोट दाखवायचं? वर जावं आणि खोटं बोलले म्हणून सांगावं, तर याला घरी बसावं लागेल, याच्या घरी कोण आहे, कसं चालतं, काही म्हणजे काही त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. आणि न जावं तर हा माणूस उद्यापासून वऱ्हांड्यातल्या रिकाम्या भिंतीसमोरून जाणार, निर्दोष म्हणून.

एरवी अशा वेळी त्यांचे पाय आपण होऊन कुठल्या तरी दिशेने निघायचे. आता ते निघेनात, कारण या वेळी दिशा ठरवायची होती ती दुसऱ्याने.

"वर जाऊन खरं सांगू का?" त्यांनी विचारलं. "तुमची नोकरी जाईल. तुम्ही नको म्हणालात तर जन्मात तोंड उघडणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

मापाड्यांनी चष्मा हातात धरला होता, पण पुसला नाही. वरून कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज आला. संचालक बहुतेक निघायच्या बेतात असावेत.

मापाडी वळले आणि नीळबाईंच्या आधी, संचालकांच्या खोलीच्या दिशेने जिना चढायला लागले.